खड्यांस गुण किती?

मुलींच्या खेळांविषयी आपल्या सुशिक्षित समाजात जे वाद होतात, त्यांत एक चमत्कारिक गोष्ट नेहमी आढळून येते. वाद खेळाबद्दल क्वचितच होतो. होतो तो पोशाखाबद्दल. मुलगी किती उंच उडाली, एका पायाच्या चवड्यावर तिचा तोल किती वेळ टिकला, वर फेकलेला चेंडू तिने पाठमोरी राहून कसा झेलला, यांविषयी दोन शब्द बोलता येण्याइतकी माहिती असलेले गृहस्थ शंभरांत दोन निघावयाचे नाहीत. परंतु तिच्या अंगावर कापड किती होते, याविषयी मात्र प्रत्येकाचे मत तयार असते आणि ते ठामही असते. रिदमिक जिम्नॅस्टिक्स या खेळाच्या वाट्याला तर हा वाद जन्मापासून आलेला आहे. एक पक्ष म्हणतो, हा पोशाख आपल्या संस्कृतीत बसत नाही; दुसरा म्हणतो, जग कोठल्या कोठे गेले आणि तुम्ही अजून गुडघेच मोजीत बसला आहा. दोन्ही पक्ष मोठ्या आवेशाने भांडतात, आणि दोघांचीही दृष्टी कापडाच्या लांबीवरच खिळलेली असते. आमचे म्हणणे असे की, दोघेही चुकीच्या जागी पाहत आहेत. आमचा आक्षेप कापडावर नाही. कापडावर चिकटविलेल्या काचेवर आहे.

ज्या वाचकांच्या घरात हा खेळ अद्याप आलेला नाही, त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे अवश्य आहे. तेरा मीटर लांब व तेरा मीटर रुंद अशा गालिच्यावर संगीताच्या साथीने मुलगी एकटी, किंवा पाच मुली मिळून, हातांतील साधनासह रचना सादर करतात. ही साधने मूळची पाच: दोरी, कडे, चेंडू, गदांची जोडी आणि फीत. त्यांपैकी दोरी प्रौढ गटाच्या वैयक्तिक स्पर्धेतून आता गेली आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाच्या मान्यतेने पहिली जागतिक स्पर्धा १९६३ साली बुडापेस्ट येथे झाली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सांघिक प्रकार आला. आपल्याकडे हा खेळ महाराष्ट्रात, त्यातही ठाणे-मुंबईकडे, चांगला रुजला आहे. २०२२ च्या जून महिन्यात पंचकुला येथे भरलेल्या खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धेत ठाण्यात तयार झालेल्या संयुक्ता काळे हिने या खेळातील पाच सुवर्णपदके एकटीने मिळविली. म्हणजे हे परदेशातील नवल राहिलेले नाही. आपल्याच मुलींचा प्रश्न झालेला आहे.

हा खेळ परका, असे म्हणणारांनी त्या गदांच्या जोडीकडे एकदा नीट पाहावे. आपल्या तालमींत मुद्गल आणि जोडी फिरविण्याचा जो व्यायाम चालत असे, तो एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी उचलला, विलायतेस नेला, आणि तेथे तो ‘इंडियन क्लब’ या नावाने घरोघर पसरला. त्याच मुद्गलाचे वजन उतरत उतरत आजची ही हलकी गदा झाली. तालावर शरीर चालविण्याची कल्पनाही आम्हांस कोणी शिकविली असे नाही. ज्या प्रांतातील शाळांच्या पटांगणांवर मुलींच्या चार-चार पिढ्यांनी लेझीम खेळली, त्या प्रांताने तालबद्ध व्यायामास परका म्हणावे हे हास्यास्पद होय. आमच्या विदर्भातील अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने आपले देशी व्यायामप्रकार युरोपातील प्रेक्षकांस करून दाखविले. देवघेव दोन्ही बाजूंनी झालेली आहे, आणि ती लपविण्यासारखी गोष्ट नाही.

पोशाखाचा इतिहासही असाच मौजेचा आहे. ज्यास आज लिओटार्ड म्हणतात आणि जो केवळ स्त्रियांचा पोशाख असे सर्वजण समजतात, त्यास नाव मिळाले ते एका पुरुषाचे. झ्यूल लेओतार नावाचा फ्रेंच कसरतपटू १८५९ साली पॅरिसच्या सर्कशीत झुल्यावरून झुल्यावर उडून दाखवू लागला. हातपाय मोकळे राहावेत, कापड दोरात अडकू नये आणि शरीराची रेषा प्रेक्षकांस दिसावी, म्हणून तो अंगाबरोबर बसणारे विणीचे वस्त्र घालीत असे. सारा हेतू एवढाच. आपल्याकडे १८८० च्या सुमारास विष्णुपंत छत्रे यांनी पहिली हिंदी सर्कस उभी केली, तेव्हा त्यांच्या पत्नीही झुल्यावरची कामे करीत. म्हणजे मराठी कुटुंबातील स्त्री उंच झुल्यावर चढली, त्यास आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. मल्लखांबाचेही तेच. एरंडेल लावलेल्या खांबावर मल्ल लंगोट कसून चढतो तो देहप्रदर्शनाकरिता नव्हे, तर सैल वस्त्राने तेथे जीव जाईल म्हणून. दोरीच्या मल्लखांबावर मुलगी पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर धरून उलटी होते, तिला ओढणी आणि घोळ परवडत नाहीत. शिवाजी पार्कवर २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. त्या मैदानावर जमलेल्या मराठी आजी-आजोबांस मुलींच्या पोशाखात वावगे काही दिसले असेल, असे आम्हांस वाटत नाही. त्यांचे सारे लक्ष दोराकडे लागलेले असावे.

आता संस्कृतीचा मुद्दा उरकून टाकू, कारण तो जितका मोठ्याने मांडला जातो तितका मोठा नाही. हे आम्ही दरेकसा येथे बसून लिहीत आहो. मुंबई-हावडा लोहमार्गावर सालेकसा सोडले आणि डोंगरगड अद्याप यावयाचे आहे, अशा मधल्या जंगलघाटातले हे गाव. पुढे बोगदा, पलीकडे छत्तीसगड. हा सारा मुलूख धानाचा. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत येथल्या बाया लुगडे गुडघ्याच्या वर खोचून दिवसभर चिखलाच्या बांधीत वाकून पऱ्हे लावतात. धुऱ्यावरून जाणाऱ्या कोणाही माणसास त्यांत असभ्य असे काही दिसत नाही, कारण ते काम आहे आणि कामास जसे वस्त्र लागते तसे ते आहे. पुण्या-नागपुरातील जे गृहस्थ दूरचित्रवाणीवर जिम्नॅस्टचा पाय पाहून बेचैन होतात, त्यांच्या पानातील भात या उघड्या पायांनीच पिकविलेला असतो. आपल्या पणज्यांचा कासोटाही याच जातीचा होता. कासोटा घातलेल्या नऊवारीत बाई विहीर उपसू शके, डोंगर चढू शके, प्रसंगी घोड्यावर बसू शके. पुढे आम्ही पांढरपेशे झालो, गोल पातळ आले, आणि पाय न हलणे हे कुलीनपणाचे लक्षण ठरले. जी चाल शंभर वर्षांचीही नीट नाही, तिला सनातन संस्कृती म्हणण्याची आपणांस सवय झाली आहे.

शिवाय हा वाद निरर्थक असण्याचे आणखी एक साधे कारण आहे, आणि वाद घालणारांपैकी बहुतेकांस ते ठाऊक नसते. महासंघाच्या नियमांप्रमाणे मुलीस पाय उघडे ठेवलेच पाहिजेत असे मुळीच नाही. लिओटार्डच्या वर किंवा आत घोट्यापर्यंत तंग विजार घालता येते. मानेपासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाखही चालतो. अट इतकीच की तो अंगाबरोबर बसणारा असावा, म्हणजे परीक्षकांस गुडघा वाकला की सरळ राहिला हे कळते. कलात्मक जिम्नॅस्टिक्स या भगिनी-खेळात असाच नियम असूनही त्याचा उपयोग सहसा कोणी करीत नसे. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाझेल येथील युरोपीय स्पर्धेत आणि नंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुली पूर्ण पायांचा पोशाख करून उतरल्या, तेव्हा नियम न मोडताही जगास धक्का बसला. त्याच वर्षी नॉर्वेच्या स्त्रियांनी वाळूवरील हँडबॉलमध्ये तोकड्या वस्त्राऐवजी आखूड विजारी घातल्या म्हणून युरोपीय संघटनेने त्यांस दीड हजार युरो दंड केला. इतका गवगवा झाला की काही महिन्यांतच आंतरराष्ट्रीय संघटनेस नियम बदलावा लागला. या दोन गोष्टींवरून आम्ही एकच निष्कर्ष काढतो: अंग किती झाकावे हे जिचे अंग आहे तिने ठरवावे. वडीलधाऱ्या टीकाकाराने ठरवू नये आणि प्रेक्षागृहातील रसिकानेही ठरवू नये. एवढे मान्य झाले की हा अध्याय संपला.

खरा अध्याय यापुढेच आहे. १९६३ च्या सुमाराची छायाचित्रे पाहिली तर मुलींच्या अंगावर एकरंगी, बिनकलाबतूचा, विणीच्या कापडाचा पोशाख दिसतो. नजर सरळ शरीराकडे आणि साधनाकडे जाते. १९८४ मध्येही तो पुष्कळसा तसाच आहे. रंगांचे तिरपे पट्टे आले आहेत इतकेच. नंतर एकेक पाऊल पडत गेले. ताणले जाणारे नवे कापड आले, मग जाळीचे कापड, मग जाळीवर नक्षी. विसाव्या शतकाच्या अखेरीस कमरेभोवती आखूड झालर आली. आणि त्या सर्वांवर कळस म्हणून आले काचेचे खडे. हे खडे हिरे नव्हेत, हे सांगावयास नकोच. डॅनियल स्वारोव्स्की नावाच्या बोहेमियन कारागिराने १८९२ साली काच कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि तीन वर्षांनी ऑस्ट्रियातील वाटेन्स येथे कारखाना घातला. तेव्हापासून श्रीमंतांच्या हिऱ्यांची हुबेहूब नक्कल मध्यमवर्गास परवडू लागली. आता तीच नक्कल दहा वर्षांच्या मुलीच्या खेळाच्या कपड्यावर, शेकड्यांनी आणि कधी हजारांनी, एकेक करून हाताने चिकटविली जाते. परदेशातील नामांकित शिवणकाऱ्यांकडील अशा एका पोशाखास शेकडो डॉलर पडतात. हजाराच्या पुढे जाणारेही आहेत. आणि एका पोशाखावर भागत नाही. वैयक्तिक स्पर्धेत चार साधनांच्या चार रचना असतात, चार रचनांची चार गाणी, आणि गाण्यास शोभेल असा प्रत्येकी वेगळा पोशाख, अशी चाल पडून गेली आहे. नियम नाही, चाल आहे. त्यातून मुलगी वाढत्या अंगाची. पोशाख त्वचेसारखा बसावा लागतो, म्हणून पुढल्या वर्षी तो होत नाही.

नियमपुस्तकाने या पोशाखाविषयी काय म्हटले आहे ते वाचकांनी अवश्य ऐकावे, कारण या वादातील सर्वांत उपयुक्त साक्षीदार तेच आहे. कापड पारदर्शक नसावे. जाळी वापरल्यास धडावर तिला अस्तर असावे. गळा पुढून उरोस्थीच्या मध्याखाली आणि मागून खांद्याच्या हाडांखाली उतरू नये. झालर ओटीपोटाच्या खाली येऊ नये, आणि बॅलेमधील फुगीर घागऱ्यासारखी तर दिसूच नये. दागिने नसावेत, केस नीट बांधलेले असावेत, रंगभूषा हलकी असावी. सांघिक स्पर्धेत पाचही मुलींचा पोशाख कापड, शिवण, नक्षी आणि रंग यांत एकसारखा असावा. पोशाखावर विजेचे दिवे लावू नयेत, असाही एक नियम आहे! नियम लिहावा लागतो तेव्हा कोणीतरी तसे करून पाहिलेले, निदान मनात आणलेले असते. तेव्हा ही शर्यत कोठवर पोहोचली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. यांपैकी काही मोडले तर दंड ०.३० गुणांचा. आणि आता मुख्य गोष्ट. साऱ्या पुस्तकात सुंदर पोशाखास, महाग पोशाखास, खड्यांच्या पोशाखास एक दशांशही गुण ठेवलेला नाही. गुण आहेत ते रचनेच्या कठीणपणास, कलात्मकतेस आणि बिनचूक अंमलबजावणीस. दागिन्यांस बंदी करणाऱ्या पुस्तकास त्या काचेचा मोह पडलेला नाही. तो पडला आहे आम्हां पालकांस आणि गुरूंस.

येथे आम्ही खड्यांच्या कैवाऱ्यांपुढे एक शृंगापत्ती ठेवतो. खड्यांचा परीक्षकांच्या मनावर परिणाम होतो किंवा होत नाही. होत नसेल, तर एका कुटुंबाची काही महिन्यांची मिळकत शुद्ध वाया गेली. होत असेल, तर जिच्या बापाजवळ पैसा अधिक तिला गुण अधिक, असा त्याचा अर्थ झाला. मग त्यास क्रीडास्पर्धा म्हणण्याऐवजी लिलाव का म्हणू नये? यांतून तिसरी वाट काढण्याचा एक प्रयत्न नेहमी होतो, तो असा: परिणाम परीक्षकांवर होत नाही, मुलीवर होतो, चमचमता पोशाख अंगावर आला की तिचा आत्मविश्वास वाढतो. आम्हांस हे खरे वाटते, आणि खरे वाटते म्हणूनच भयंकर वाटते. दिवसाचे चार-पाच तास घाम गाळून, पाठीचा कणा वेळूसारखा लवता करून, मुलीने जो आत्मविश्वास मिळवावयाचा तो तिला काचेतून मिळतो असे आपण तिला शिकविले असेल, तर तिच्या शेजारी साध्या पोशाखात उभ्या असलेल्या मुलीचा आत्मविश्वास आपण कोठून आणणार? एकीचा वाढला तो दुसरीचा घटवूनच.

ती दुसरी मुलगी काल्पनिक आहे असे कोणी समजू नये. या सालेकसा भागातील आश्रमशाळांतून गोंड, हलबा आदी कुळांतील मुली शिकतात. रानातून आणि डोंगरांतून चालून त्यांचे पाय घोट्यापासून पोलादी झालेले. अंगात ताल उपजत. माघी पौर्णिमेस येथून जवळच कचारगडच्या गुहांपाशी गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, तेव्हा रेला नाचणाऱ्या मुलींची ओळ ज्यांनी पाहिली असेल त्यांस, एकाच ठेक्यावर अनेक पावले एकदम कशी पडतात, हे सांगण्याची गरज नाही. याच मुली कबड्डी आणि खो-खो का खेळतात, असा प्रश्न कधी कोणी विचारीत नाही. उत्तर सोपे आहे: त्या खेळांस आखूड विजार आणि बंडी पुरते. आम्ही महाविद्यालयात मुलींच्या पिढ्या पाहिल्या. वस्त्राच्या पायी स्नेहसंमेलनात भाग घेण्याचे टाळणाऱ्या मुली आम्हांस ठाऊक आहेत. कारण विचारले तर त्या अभ्यासाचे सांगत. दारिद्र्याला कारण सांगताना लाज वाटते. नादारीच्या अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येक शिक्षकास ती लाज ओळखता येते.

आणि याच मुलींवर आपण दुसरीकडे कोणता पोशाख चढवितो तेही पाहा. शहरांतील शाळांच्या संमेलनांत ‘आदिवासी नृत्य’ म्हणून जे सादर होते, त्यात पानांचे घागरे, कोंबडीची पिसे आणि गालांवर पांढरे ठिपके असतात. कचारगडच्या यात्रेत येणाऱ्या बाया स्वच्छ लुगडी नेसून येतात. पानांचा घागरा त्यांच्या कोणी पाहिलेला नाही. मंचावरचा तो पोशाख नाचणाऱ्यासाठी नसतो. बघणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र असते त्याच्यासाठी असतो. तो पानांचा घागरा आणि हा खड्यांचा लिओटार्ड यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोन्हींत शरीराचे काम मागे पडते.

आमच्यावर पहिला आक्षेप असा येईल की, हा खेळ निम्मी कला आहे. कथक किंवा भरतनाट्यम यांचा पोशाख तरी कोठे स्वस्त असतो? त्यास उत्तर हे की, नर्तकी रंगमंचावर दुसऱ्या नर्तकीपेक्षा ०.०५ गुणांनी वरचढ ठरण्यास उभी नसते. जेथे मोजमाप आले तेथे साधनांची समानताही आली पाहिजे. धावण्याच्या शर्यतीत एकास दहा पावले पुढे उभा करून ‘ही कला आहे’ म्हणता येत नाही. शिवाय कलेचाच दाखला द्यावयाचा तर या खेळाच्या पूर्वजांत इसाडोरा डंकन ही अमेरिकन नर्तकी मोडते, आणि तिने जे बंड केले ते कंबरपट्टे आणि जरतार फेकून, अनवाणी, साध्या सैल झग्यात नाचून केले. कलेच्या नावाने खडे चिकटविणारांनी निदान तिचे नाव घेऊ नये.

दुसरा आक्षेप, जगात चालते ते आपणच कसे मोडणार? जगाने असे मोडलेले आहे. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत पोहण्याच्या शर्यतींत पॉलियुरेथेनचे सर्वांगी पोशाख आले. ते अंगास चिकटून पाण्यात तरंगण्यास मदत करीत, फार महाग असत, आणि २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत त्यांच्या जोरावर ४३ विश्वविक्रम मोडले गेले. शर्यत जलतरणपटूंची की कारखान्यांची, असा प्रश्न पडताच जलतरण महासंघाने १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद केले; विणलेले कापडच वापरावे आणि ते ठराविक जागेपुरतेच असावे असे ठरविले. त्याने जलतरण बुडाले नाही. येथे तर काम त्याहून सोपे. तेथला पोशाख निदान माणसास वेगाने पुढे तरी नेत असे. काच मुलीस इंचभरही उंच नेत नाही.

तिसरा आक्षेप विचारी माणसे घेतात, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. ते म्हणतात, दरेकसा येथे गालिचा नाही, उंच छताची व्यायामशाळा नाही, शिकविणारी बाई नाही. त्यांपुढे पोशाखाची अडचण ती काय? अगदी खरे. पोशाख ही सर्वांत लहान अडचण आहे. पण गालिच्यास निधी लागतो, इमारतीस वर्षे लागतात, शिक्षिका तयार होण्यास एक पिढी लागते. पोशाखाची अडचण दूर करण्यास एक ठराव लागतो, आणि ठरावास एक रुपयाही पडत नाही. मोठ्या अडचणींचा दाखला देऊन लहान अडचण कायम ठेवणे ही सरकारी कचेऱ्यांची जुनी हातोटी आहे. ती सुशिक्षितांनी उचलू नये.

तेव्हा आमची सूचना सांगतो. शालेय क्रीडास्पर्धा आपल्या राज्यात क्रीडा व युवक सेवा संचालनालय भरविते, आणि राज्य संघटनेच्या स्पर्धा संघटना भरविते. या दोघांनी मिळून चौदा वर्षांखालील मुलींसाठी तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या सर्व स्पर्धांत असे ठरवावे की, पोशाख एक किंवा दोन रंगांचा, साध्या ताणकापडाचा असेल. त्यावर काचेचा, धातूचा वा प्लास्टिकचा कोणताही खडा, टिकली, जर किंवा चमकी असणार नाही. चारही साधनांस तोच एक पोशाख चालेल, किंबहुना तोच घालावा. आणि पाय उघडे ठेवावयाचे की झाकावयाचे हे मुलगी व तिचे आईबाप ठरवितील, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढणार नाही. महासंघाच्या कोणत्याही नियमास याने बाध येत नाही, कारण महासंघ साधेपणास दंड करीत नाही. पाच मुलींच्या संघास एकसारखा पोशाख सक्तीचा करणारे नियमपुस्तक समानतेचे तत्त्व आधीच मान्य करून बसले आहे. आम्ही ते एकेकट्या मुलीस लावा एवढेच म्हणतो. मोठ्या गटातील, देशासाठी खेळणाऱ्या मुलींनी काय घालावे, हा प्रश्न आम्ही आज मुद्दाम बाजूस ठेवतो. त्यांच्यामागे शासन असते, क्वचित पुरस्कर्तेही असतात. लहानपणी साध्या पोशाखात जिंकण्याची सवय झालेल्या मुली मोठेपणी त्याचा निकाल स्वतः लावतील.

याला विरोध कोण करील हेही आम्हांस ठाऊक आहे. परीक्षक करणार नाहीत. त्यांचे काम हलकेच होईल, कारण दिव्याखाली झळकणाऱ्या काचेच्या आड गुडघ्याचा बाक शोधावा लागणार नाही. मुली थोडा वेळ हिरमुसतील. विरोध होईल तो पालकांकडून, आणि तोही आमच्याच वर्गातील पालकांकडून. त्यांनी आधीच खर्च केलेला आहे, त्याची छायाचित्रे नातेवाइकांकडे गेलेली आहेत. आपल्या मुलीचा पोशाख आणि कोण्या आश्रमशाळेतील मुलीचा पोशाख एकाच ठाणातून फाडलेला असावा, ही कल्पना त्यांच्या पचनी पडणार नाही. ते हे असे उघडपणे म्हणणार नाहीत. ते सौंदर्यदृष्टीविषयी बोलतील, आंतरराष्ट्रीय दर्जाविषयी बोलतील, आणि ‘मुलींचा आनंद का हिरावता?’ असेही विचारतील.

त्यांच्यासाठी आम्ही हिशेब करून ठेवला आहे. अंगाबरोबर बसणाऱ्या अशा एका साध्या पोशाखास दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी मीटरभर ताणकापड पुष्कळ होते. त्यास अस्तराचा तुकडा, शिवण ताणली तरी तुटू नये म्हणून नागमोडी टाक्याचे यंत्र, आणि माप घेण्यास एक समजूतदार शिंपी हवा. असे यंत्र आणि असा शिंपी आमगावच्या बाजारात मिळतो; दरेकसा येथून आगगाडीने गेले तर सालेकसा मागे टाकल्यावर थोड्याच वेळात ते ठिकाण लागते.